तिसाव्या तासापासून पुढे

झेब्राफिशचं अंडं फलित झाल्यावर साधारण चोवीस तासांनी त्याच्या बलकावर काही पेशी हिंडताना दिसायला लागतात. बाकीच्या सगळ्या पेशी तोवर आपापल्या थरात, आपापल्या ओळीत बसलेल्या असतात. या मात्र एकेकट्या फिरतात. एका बाजूने पाय काढतात, मागचं अंग ओढून घेतात, मध्येच थांबतात आणि वाटेत मेलेली पेशी लागली की ती गिळून पुढे जातात. माशाच्या शरीरातल्या या पहिल्या भक्षक पेशी, मॅक्रोफेज. हृदय नुकतंच धडधडायला लागलेलं असतं, डोळ्यांत रंग उतरत असतो, भ्रूण अजून कवचाच्या आतच असतं. एकाही जिवाणूशी गाठ पडलेली नसते आणि तरी पहारा सुरू झालेला असतो.

माझं काम याच पेशींवर चालतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी मुख्यतः हे बघते, की रक्ताच्या आणि प्रतिकाराच्या पेशी भ्रूणात कुठून येतात आणि कोणत्या जनुकांमुळे त्या त्या रूपाला येतात. विज्ञान दिनाला शाळेची मुलं आली की हमखास विचारतात, "मॅक्रोफेजचं जनुक कोणतं?" पेपर वाचणारे पत्रकारही तेच विचारतात. उत्तरादाखल एक नाव सांगता येतं, पण सांगताना मला नेहमी अडखळायला होतं. जनुकाचं नाव हे अर्धंच उत्तर असतं. ते कुठे आणि कितव्या तासाला चालू झालं, त्या वेळी शेजारी कोण होतं, हे कळल्याशिवाय त्या नावाला फारसा अर्थ नाही. हे मला पुस्तकांनी शिकवलं नाही, सूक्ष्मदर्शकाखालच्या भ्रूणांनी शिकवलं.

दिवस फिश रूममध्ये सुरू होतो. खोली उबदार आणि दमट, पाणी साडेअठ्ठावीस अंशांवर, दिवे घड्याळावर लावलेले, चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एकाच छोट्या टाकीत ठेवतात, मध्ये पारदर्शक पडदी. सकाळी दिवे लागले की पडदी काढायची. हे मासे उजाडता उजाडता अंडी घालतात. टाकीला खाली जाळी असते, अंडी जाळीतून तळाशी जातात, नाहीतर आईबापच ती खाऊन टाकतात. खोली सांभाळणारे मामा ती पाण्यासकट चहाच्या गाळणीतून ओततात आणि बशीत उलटी करतात. "मॅडम, सात नंबरच्या टाकीने आज भरपूर दिलीत," असं त्यांनी म्हटलं की सगळ्यांची पावलं झपाझप पडायला लागतात, कारण तिथून पुढे घड्याळाशी शर्यत असते. पहिलं विभाजन व्हायला पाऊण तासही लागत नाही. जनुकात बदल करायचा तर तो पेशी एकच असताना करावा लागतो, म्हणजे पुढे होणाऱ्या प्रत्येक पेशीत तो उतरायची शक्यता वाढते.

अंडं जेमतेम पाऊण मिलिमीटरचं. अगारोजच्या वडीत खाचा पाडलेल्या असतात, त्यांत अंडी ओळीने बसवायची. काचेची नळी तापवून ओढलेली सुई, तिच्यात लालसर रंगाचं द्रावण, पायाने दाबायचं पेडल. सुई कवचातून आत गेली की एक बारीक धक्का जाणवतो, मग पेशीत शिरताना दुसरा, त्याहून हलका. पेडल दाबलं की आत लाल ठिपका उमटतो, साधारण एक नॅनोलिटरचा. पूर्वी यात मॉर्फोलिनो असायचा, म्हणजे जनुकाचा निरोप प्रथिनापर्यंत पोचू न देणारा रेणू. आता बहुतेक वेळा कॅस९ असतं, ते जनुकच कापतं. नव्या विद्यार्थ्याच्या हाताला हे बसायला वेळ लागतो. एकदा बसलं की मग बशीतली सगळी अंडी संपेपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही.

हा मासा मुळात आपल्याच उपखंडातला, गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. प्रयोगशाळेत त्याला मान मिळाला तो मात्र अमेरिकेत, ऑरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायझिंगरमुळे. त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध १९८१ चा. त्यानंतर जर्मनीत ट्युबिंगनला आणि अमेरिकेत बॉस्टनला हजारो माशांच्या जनुकांत रसायनाने सरसकट बिघाड घडवून, कोणत्या बिघाडाने भ्रूणात काय बिनसतं याची पाहणी झाली. डिसेंबर १९९६ मध्ये ते सगळं एकदम प्रसिद्ध झालं. त्यात रक्त बिघडलेले मासे इतके निघाले, की त्यांना मद्यांची नावं दिली गेली: शार्डने, रीसलिंग, मर्लो, झिनफॅन्डेल. यातल्या वाइसहर्ब्स्टवरून पुढे २००० साली फेरोपोर्टिन सापडलं. पेशीतलं लोह बाहेर सोडणारं हे प्रथिन तुमच्या-माझ्या आतड्यातही तेच काम करतं. या एका उदाहरणावर झेब्राफिशची सगळी उस्तवार वसूल झाली, असं मी मानते.

त्या काळातला सर्वांत हट्टी मासा मात्र क्लोश. त्याच्या भ्रूणात रक्तवाहिन्यांचं अस्तर जवळपास नसतं आणि रक्तही नसतं. हृदय घंटेसारखं फुगतं, म्हणून फ्रेंच भाषेतलं घंटेचं नाव त्याला मिळालं. १९९५ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं आणि नेमकं जनुक हाती लागायला २०१६ उजाडलं. ते गुणसूत्राच्या अगदी टोकाला दडलेलं होतं. एकाच बिघाडाने रक्त आणि रक्तवाहिनी दोन्ही गायब होतात, यावरून त्या दोघांचं मूळ जवळचं असणार हा तर्क आधीपासून होता. हे जनुक साखळीच्या अगदी वरच्या कडीवर बसतं आणि थोडाच वेळ चालू राहतं. ती वेळ हुकली की पुढचं काहीच होत नाही.

आता त्या हिंडणाऱ्या मॅक्रोफेजकडे येते. भ्रूणात सुरुवातीचं रक्त दोन ठिकाणी तयार होतं. शरीराच्या मधल्या-मागच्या पट्ट्यात तांबड्या पेशी होतात, तिथे गाटा१ हे जनुक चालू असतं. डोक्याकडच्या पट्ट्यात मॅक्रोफेज होतात, तिथे पीयू१ चालू असतं. ही दोन्ही जनुकं दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करणारी प्रथिनं बनवतात, आणि ती दोन प्रथिनं एकमेकांना पाण्यात पाहतात. जिथे गाटा१ चढतं तिथे पीयू१ दबतं, आणि उलटही. २००५ मध्ये दोन गटांनी हे झेब्राफिशमध्ये दाखवलं. गाटा१ दाबलं तर ज्यांच्या तांबड्या पेशी व्हायच्या त्यांच्या मॅक्रोफेज आणि ग्रॅन्युलोसाइट होतात. पीयू१ दाबलं तर डोक्याकडच्या, भक्षक व्हायला निघालेल्या पेशी तांबड्या होऊन बसतात.

हे मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हाचा ठसा अजून पुसलेला नाही. भ्रूणाला असं रंगवतात, की एखाद्या जनुकाचा निरोप जिथे असेल तिथे जांभळा डाग उठतो. साध्या भ्रूणात मॅक्रोफेजच्या निरोपाचे ठिपके बलकावर आणि डोक्यावर विखुरलेले असतात, मधल्या पट्ट्यात अगदी तुरळक. गाटा१ दाबलेल्या भ्रूणात तोच मधला पट्टा जांभळाजर्द झालेला होता. पेशी तितक्याच, जागा तीच, फक्त एक तोल ढळला आणि ऑक्सिजन वाहणाऱ्या पेशींची भक्षकं झाली. पेशीला आपण काय व्हायचं हे कळण्याइतकंच आपण काय व्हायचं नाही हे कळणं गरजेचं असतं, आणि तो दुसरा निर्णयही जनुकंच राबवतात.

त्यापुढचा फाटा आयआरएफ८चा. पीयू१ने वाट धरून दिलेल्या पेशीला अजून ठरवायचं असतं, की मॅक्रोफेज व्हायचं की न्यूट्रोफिल. आयआरएफ८ चालू असेल तर मॅक्रोफेज. ते बिघडवलं तर भ्रूणात मॅक्रोफेज जवळपास उरत नाहीत आणि न्यूट्रोफिलची गर्दी होते. हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. त्याच वर्षी माणसांबद्दलची बातमीही आली. आयआरएफ८च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या एका तान्ह्या बाळाच्या रक्तात मोनोसाइट नव्हत्याच, आणि त्याला दिलेल्या बीसीजी लसीतले जिवाणू त्याच्या सगळ्या शरीरभर पसरले होते. आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. तिथे उठणारा फोड, मग राहणारा वण, हे सगळं मॅक्रोफेजनी जिवाणूंना घेरून दाबल्याचं चिन्ह. आपण ते इतकं गृहीत धरतो, की बाळंतिणीच्या खोलीत त्या फोडाबद्दल बोलताना पेशींचा विचार कोणाच्या मनात येत नाही. माझ्या मनात आता दर वेळी येतो. क्षयरोगाच्या संशोधनात या माशाला एवढं स्थान मिळालं त्याचंही कारण हेच. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने क्षयाच्या जंतूचा भाऊबंद असलेला मायकोबॅक्टेरियम मरिनम पारदर्शक भ्रूणात टोचला आणि मॅक्रोफेज गोळा होऊन गाठ कशी बांधतात ते जिवंतपणी पाहिलं. २००२ मधला तो शोधनिबंध मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हातात देते. भ्रूणात लिम्फोसाइट अजून आलेल्याही नसताना गाठ बांधायला सुरुवात होते, हे त्यातून कळलं. झेब्राफिशची शिकून तयार होणारी प्रतिकारशक्ती कामाला लागायला चारेक आठवडे जातात. तोपर्यंतचा सगळा भार या जुन्या, न शिकता लढणाऱ्या पेशींवर असतो.

एका विज्ञान दिनाला सातवी-आठवीतली एक मुलगी म्हणाली, "पण कवचात जंतूच नाहीत, तर एवढ्या आधी या पेशी कशाला हव्यात, मॅडम?" प्रश्न फार चांगला होता. पहिलं उत्तर असं, की मेंदू घडताना असंख्य पेशी मरतात आणि ते सगळं उचलायला कोणीतरी हवं. बलकावरच्या मॅक्रोफेजपैकी काही डोक्यात शिरतात आणि पुढे तिथेच मायक्रोग्लिया म्हणून राहतात. आयआरएफ८ नसलेल्या पिल्लांच्या मेंदूत सुरुवातीला त्या नसतातच. शत्रूशी लढण्याच्या फार आधी या पेशी घर झाडतात, आणि तेच त्यांचं मूळ काम असावं असा माझा कयास आहे. दुसरं उत्तर मी तिला पडद्यावर दाखवलं. भूल दिलेल्या पिल्लाच्या शेपटीच्या पराचं टोक कापलं, की हिरव्या चमकणाऱ्या न्यूट्रोफिल काही मिनिटांत तिकडे वळतात. जखमेच्या काठावरच्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, त्याच्या खुणेने त्या धावतात. हे २००९ मध्ये कळलं. काम झालं की त्यांतल्या कित्येक न्यूट्रोफिल मरत नाहीत, आल्या वाटेने परत जातात. ती मुलगी बराच वेळ त्या पडद्यापाशी उभी होती.

आत्तापर्यंत सांगितलेल्या पेशी पहिल्या फळीतल्या. जन्मभर रक्त पुरवणाऱ्या मूलपेशी वेगळ्या आणि त्या नंतर येतात. माझ्या मते या सबंध विषयातलं सर्वांत विलक्षण दृश्य तेच आहे.

पाठीलगत महाधमनी असते, तिच्या तळाला चपट्या पेशींचं अस्तर. त्या रक्तवाहिनीच्याच पेशी, रक्त वाहून नेणारी नळी बांधणं हे त्यांचं काम. तिसाव्या तासाच्या आसपास त्यांतली एखादी पेशी खाली वाकायला लागते. आम्ही भ्रूणाला भूल देऊन पातळ अगारोजमध्ये आडवं बसवतो आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक रात्रभर चालू ठेवतो, दर काही मिनिटांनी एक चित्र. पडद्यावर आधी काहीच घडत नाही. मग अस्तराच्या त्या रेषेला एका ठिकाणी झोळ येतो. झोळ खोल होतो, पेशी आखडत जाते, कडा जवळ येतात आणि काही तासांनी ती रेषेतून सुटून खाली पडते, गोल होऊन. नळीला मात्र भोक पडत नाही. पंगतीतून एकजण उठावा आणि शेजारच्या दोघांनी सरकून जागा भरून काढावी, तशा बाजूच्या पेशी एकमेकींना भिडतात आणि रक्त आतल्या आत वाहत राहतं. सुटलेली गोल पेशी आता रक्ताची मूलपेशी होण्याच्या वाटेवर असते. २०१० मध्ये एकापेक्षा अधिक गटांनी हे जिवंत भ्रूणात टिपलं, त्यांत पॅरिसच्या पास्चर इन्स्टिट्यूटमधल्या कारिमा किसा आणि फिलिप एरबोमेल यांचं काम मला सर्वांत जवळचं वाटतं.

या वेळी त्या पेशीत रन्क्स१ चालू असतं. किसा आणि एरबोमेल यांनी रन्क्स१ दाबून तेच चित्रण केलं. पेशी वाकतात. म्हणजे निघायची आज्ञा त्यांना मिळालेली असते. पण सुटायच्या बेताला आल्या की त्या फुटतात आणि तिथेच मरतात. आमच्याकडेही मॉर्फोलिनो वापरून ते दृश्य पाहिलं आहे. पहाटेच्या सुमारास, पडद्यावर, वाकत आलेली पेशी एका चित्रात असते आणि पुढच्या चित्रात तिचे तुकडे असतात. जनुक नसलं की अमुक पेशी तयार होत नाही, असं एक वाक्य आपण लिहून मोकळे होतो. त्या वाक्याच्या आत किती प्रकारचं न होणं असतं! सुरुवातच न होणं वेगळं, आणि उंबरठ्यापर्यंत येऊन मोडणं वेगळं.

रन्क्स१ त्या जागी चालू व्हायलाही आधी बऱ्याच गोष्टी जुळून यायला लागतात. नॉच नावाचा पेशी-पेशींतला संकेत हवा. तो बिघडलेल्या माइंड बॉम्ब माशात या मूलपेशी होत नाहीत. आणि रक्त वाहायला हवं. ज्या भ्रूणांचं हृदय धडधडतच नाही, त्यांच्यात रन्क्स१चा तो जांभळा पट्टा फिका पडतो. वाहत्या रक्ताचा भिंतीवर पडणारा ताण पेशींना कळतो आणि तो जनुकापर्यंत पोचतो. २००९ मधल्या या शोधाने माझ्या विचाराची दिशा बदलली. जनुक हृदय घडवतं, हृदय रक्त ढकलतं, आणि ढकललेलं रक्त पुन्हा जनुकाला सांगतं की आता तुझी वेळ झाली.

सुटलेल्या पेशी शेपटीकडच्या जाळीदार शिरांत जाऊन थोडे दिवस मुक्काम करतात. तिथल्या शिरांच्या पेशी अशा पाहुणीभोवती सरकून तिला कुशीत घेतात, हे २०१५ मध्ये बॉस्टनच्या लेनर्ड झॉन यांच्या गटाने दाखवलं. त्याच गटाने आधी, २००७ मध्ये, भ्रूणांवर एकेक रसायन तपासत प्रोस्टाग्लँडिन ई२ने या मूलपेशी वाढतात हे शोधलं होतं आणि ते नाळेच्या रक्तातल्या मूलपेशींवर वापरून बघण्यापर्यंत, रुग्णांपर्यंत नेलं. शेपटीतून काही पेशी थायमसमध्ये जातात आणि चौथ्या दिवसाच्या आसपास तिथे रॅग१ चालू होतं. पुढच्या टी लिम्फोसाइट तिथे तयार होतात. बाकीच्या पेशी मूत्रपिंडात जातात. माशांत हाडांतला मगज रक्त बनवत नाही, ते काम मूत्रपिंड करतं.

या क्षेत्रात मॉर्फोलिनोवर किती विश्वास ठेवायचा याबद्दल २०१५ च्या सुमारास मोठा वाद झाला आणि तो होणं गरजेचंच होतं. निरोप अडवला की जे दिसतं ते जनुक कायमचं बिघडवल्यावर दिसेलच असं नाही, असं बऱ्याच जनुकांबाबत निघालं. कधी मॉर्फोलिनोच भलतीकडे नासधूस करतो. कधी याच्या उलट, जनुक मुळातच मोडलेलं असेल तर भ्रूण त्याच्या नात्यातली दुसरी जनुकं वाढवून निभावून नेतं. काहींना यात पद्धतीची अडचण दिसली. मला त्यात भ्रूणाचा स्वभाव दिसतो आणि म्हणूनच रन्क्स१ माझा पिच्छा सोडत नाही.

उंदरात रन्क्स१च्या दोन्ही प्रती काढल्या तर पिल्लू गर्भातच मरतं, एकही अपवाद नाही. झेब्राफिशमध्ये, २०१० साली, रन्क्स१ अर्ध्यात तुटलेल्या माशांची नोंद झाली. पहिल्या फळीच्या तांबड्या पेशी संपतात, नव्या येत नाहीत, पिल्लं बिनरक्ताची होतात आणि बहुतेक मरतात. पण थोडी जगतात. त्यांच्यात पुन्हा रक्त दिसायला लागतं, सगळ्या प्रकारच्या पेशींसकट, आणि ती मोठी होऊन त्यांना पिल्लंही होतात. २०२१ मध्ये त्याचं कोडं बरंच उलगडलं. रन्क्स१ पूर्ण काढलेल्या भ्रूणांतही धमनीच्या तळातून काही पूर्वजपेशी सुटतातच, आणि त्यांच्यात गाटा२बी नेहमीपेक्षा चढलेलं असतं. एरवी हे जनुक रन्क्स१च्या आधी काम करतं. गाटा२बी आणि त्याचं जुळं गाटा२ए, या दोघांच्या मिळून चार प्रती. या चारही बिघडवल्या आणि रन्क्स१ शाबूत ठेवलं तर रक्त होतं. रन्क्स१ काढून चारपैकी कोणत्याही तीन बिघडवल्या तर मात्र मूलपेशींचं रक्त पूर्ण थांबतं. एक प्रत जास्त असेल तर वाट निघते.

एकाच आईबापांची, एकाच बशीतली, रन्क्स१ नसलेली भावंडं. त्यांतलं कोण वाचेल हे तिसाव्या तासाला सांगता येईल का, की तेव्हा सगळी सारखीच असतात आणि फरक नंतर पडतो? आमच्याकडे सध्या त्यावरच काम चालू आहे. प्रत्येक भ्रूणाचं रात्रभर चित्रण करायचं, अगारोजमधून अलगद सोडवायचं, वेगळ्या वाटीत वाढवायचं आणि रक्त परत येतं का ते पाहायचं. वाट्यांवर क्रमांक आहेत. मामा रोज सकाळी आधी त्या बघतात, मग मोठ्या टाक्यांकडे जातात, आणि एखाद्या वाटीत शेपटीच्या शिरेत लाल काही सरकताना दिसलं की खाली येऊन मला हाक मारतात.